नसलेल्या माणसांचा लळा



आज ज्या माणसांविषयी मी आपणांपुढे चार शब्द बोलणार आहे, ती माणसे कधी जन्मासच आलेली नाहीत. जन्ममृत्यूच्या कोणत्याही नोंदवहीत त्यांचे नाव सापडावयाचे नाही. तथापि त्यांच्यासाठी महाराष्ट्राने जितके अश्रू ढाळले, तितके पुष्कळशा जिवंत माणसांच्याही वाट्यास आलेले नाहीत. कोणा कवीने वा नाटककाराने कल्पिलेले, किंवा अलीकडे यंत्राने बोलते केलेले पात्र आणि हाडामासाचा मनुष्य यांच्यात जो जिव्हाळा उत्पन्न होतो, तो कसा उत्पन्न होतो आणि पुढे त्याचे काय होते, हा आजचा विषय होय. हल्ली अशा पात्रांस ‘आभासी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द नवा आहे. वस्तू फार जुनी आहे. या विषयाची आजकाल मोठी काळजी केली जाते. तिच्यात वाजवी काळजी कोणती आणि पोकळ कोणती हे निवडून काढावयाचे, तर थोडा इतिहास हाताशी असलेला बरा.

आरंभ आपल्या विदर्भातूनच करू. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी घरात मांडावयाचे, आळीतील मुलींनी जमून रोज संध्याकाळी गाणी म्हणावयाची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखावयाचा, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल. आमच्या मनीषनगरात आता चार-चार मजली इमारती झाल्या आहेत आणि भुलाबाई एखाद्याच घरी बसते, ही गोष्ट निराळी. भुलाबाई म्हणजे पार्वती, असे जाणते लोक सांगतात. परंतु गाण्यांतली भुलाबाई कैलासावरची जगन्माता नव्हे. तिला सासू आहे, नणंद आहे, आणि माहेरी जावयाचे तर तिला दहा जणांची परवानगी काढावी लागते. ज्या काळी सुनेस स्वतःच्या सासूविषयी ब्रही काढण्याची सोय नव्हती, त्या काळी भुलाबाईच्या सासूचा समाचार मात्र दहाजणी मिळून मोठ्याने घेत असत. आणि खरी सासू ओसरीवर बसून ते सारे ऐकत असे. तिला रागावता येत नसे, कारण गाणे भुलाबाईचे होते. आणि कदाचित् रागवावेसेही वाटत नसेल, कारण एके काळी तिनेही तेच गाणे म्हटलेले असे. कल्पित पात्राचा पहिला उपयोग हा असा आहे. आपले दुःख आपल्या नावाने सांगता येत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या नावाने सांगता येते.

लळ्याप्रमाणे रागासही अशी पात्रे लागतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात जी काळी मारबत निघते, तिची परंपरा १८८१ पासूनची सांगतात, आणि भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाई इंग्रजांस मिळाल्या, तो राग या पुतळ्यावर काढला जातो अशी समजूत आहे. बाकाबाईंविषयी इतिहाससंशोधकांचे मत काहीही असो. मारबतीमागे ओरडत धावणाऱ्या पोरांस त्याच्याशी कर्तव्य नसते. परंतु हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

छापखाने आल्यावर हीच पात्रे कागदावर उतरली. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी पुण्यास ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. तीत यमू नावाची मुलगी आपली हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगते. लहानपण, लग्न, शिकलेल्या नवऱ्याबरोबरचे थोडके सुख, मग वैधव्य, आणि शेवटी बळजबरीने झालेले केशवपन. लिहिणारा पुरुष, बोलणारी स्त्री. आठवड्यामागून आठवडा घराघरांत हे वाचले जात होते, आणि पुष्कळ घरांत माजघराच्या कोपऱ्यात लाल आलवण नेसलेली कोणी आत्या वा मावशी बसलेली असे. यमूसाठी ज्यांचे डोळे भरून आले, त्यांनी वाचन संपल्यावर मान वळवून त्या कोपऱ्याकडे पाहिले की नाही? याच काळात, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कागदावरील विधवेसाठी रडणे आणि जिवंत विधवेस पंक्तीस घेणे यांच्यातले अंतर किती मोठे होते, हे एवढ्यावरून ध्यानात येईल. माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. पात्र खोटे आहे की खरे, हा नव्हे. त्याच्यासाठी मनात जे उमाळे येतात ते पुढे कोठे जातात, हा आहे.

कधी कधी ते फार लांबवर जातात. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या धनाढ्य म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधावयास निघतो, अशी ती कथा आहे. नाटकात वधूवर सगोत्र असल्याचे ऐन वेळी उघडकीस येते आणि लग्न मोडते. मला ही तोड पहिल्यापासून लंगडी वाटत आली आहे. गोत्र निराळे असते तर काय झाले असते? परंतु प्रेक्षकांनी तो प्रश्न देवलांस विचारला नाही, तो समाजास विचारला. गावोगावी नाटक झाले, गाणी बायकांच्या तोंडी बसली, आणि जरठ-बालाविवाहाची चर्चा करताना माणसे शारदेचा दाखला एखाद्या शेजारच्या मुलीचा द्यावा तसा देऊ लागली. पुढे तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, मुलीचे लग्नाचे वय किमान चौदा व मुलाचे अठरा ठरविणारा कायदा संमत झाला आणि १९३० च्या एप्रिलपासून तो अमलात आला. तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा. त्यांच्या आडनावावरून त्याला ‘सारडा कायदा’ असे नाव पडले. मराठी माणसाने मात्र त्याचे नाव ‘शारदा कायदा’ करून टाकले. कायदा आपल्या नाटकातल्या शारदेच्या नावाचा आहे, असे मानणारे लोक कित्येक वर्षे होते; शिकलेल्यांतही होते. ही चूक खरी, पण ती कशी घडली हे पाहण्यासारखे आहे. अजमेरच्या गृहस्थांस येथे कोणी पाहिलेले नव्हते. शारदेस सर्वांनी पाहिले होते.

आता बालगंधर्वांकडे येऊ, कारण त्यांच्यावाचून ही कथा पुरी होत नाही. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत शिरले आणि पुढे चार-दोन वर्षांतच महाराष्ट्रातील स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे, अंबाड्यात फुले कशी माळावी, हे एक पुरुष ठरवू लागला. आज हे सांगितले तर नव्या पिढीस हसू येते. परंतु त्यात फसवणूक कोणाची झाली? कोणाचीच नाही. भामिनीच्या वेषात जे उभे आहेत ते नारायणराव आहेत, हे पिटातल्या पोरासही ठाऊक असे. १९११ च्या मार्चमध्ये ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईस झाला, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. त्या रात्री एकाच देहात पोर गेलेला बाप आणि मानी, खेळकर भामिनी अशी दोन माणसे वावरत होती. कलेची ही थोरवी मानावी की निष्ठुरपणा, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही, आणि जे तो चटकन् करतात त्यांचा मला हेवा वाटतो.

प्रेक्षकाचेही मन असेच दुहेरी असते. भातुकली खेळणारे मूल वाळूचा भात वाढते, पाहुण्यास आग्रह करते, पण तो भात खात मात्र नाही. खोटे आणि खरे ही दोन्ही त्याच्या हाताशी असतात व त्यांची गल्लत होत नाही. माझी नोकरीची बरीच वर्षे झाडीपट्टीत गेली. तिकडे दिवाळीनंतर सुगी आटोपली की मंडई भरतात, शंकरपट भरतात, आणि रात्ररात्र नाटके होतात. वडसा येथून मंडळ्या येतात, आणि थंडीत घोंगडी पांघरून माणसे उजाडेपर्यंत बसतात. अशाच एका नाटकात विधवेस सासरच्यांनी घराबाहेर काढल्याचा प्रवेश चालू असताना पुढे बसलेली एक म्हातारी उठली, कनवटीस खोवलेली दहा रुपयांची नोट तिने सोडविली आणि रंगमंचाच्या कडेवर ठेवून ती परत जागेवर येऊन बसली. मध्यंतरात मी तिला म्हटले, बाई, ती काही खरी विधवा नव्हे. म्हातारीने माझ्याकडे पाहिले ते मास्तर असून याला एवढेही कळू नये, अशा नजरेने. “वडशाची मंडळी हाये, मले ठावं हाये जी,” ती म्हणाली, “पण दुख त खराच हाये ना?” या एका वाक्यात जे सांगितले गेले, त्यापेक्षा अधिक मला पुस्तकांत आढळले नाही.

बालगंधर्वांच्या भूमिकांत सिंधूची भूमिका सर्वांत हृदयद्रावक गणली गेली. ‘एकच प्याला’ हे नाटक ज्यांनी लिहिले, त्या राम गणेश गडकऱ्यांचा अंत आपल्या नागपूरजवळ, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सावनेर येथे झाला. तारीख २३ जानेवारी १९१९. वय पुरते चौतीसही नव्हते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी केली. त्याच वर्षी गंधर्व मंडळीने बडोद्यास पहिला प्रयोग केला. आपल्या सिंधूसाठी थिएटरे कशी हुंदके देत आहेत, हे पाहण्यास तिचा निर्माता उरला नव्हता. एरवी उंची शालू नेसणारे बालगंधर्व यातील दारिद्र्याच्या प्रवेशांत जुनेर नेसून जात्यावर बसत. नवरा सुधाकर दारूपायी सर्वस्व घालवितो, त्याच्या हातून पोटचे मूल जाते, आणि मरतानाही ही बाई त्याला वाचविण्यासाठी फौजदारापुढे खोटे बोलते. प्रेक्षकांतून पुरुषही डोळे पुसत बाहेर पडत.

सिंधूविषयी माझे मन तितकेसे निर्मळ नाही, हे सांगून टाकतो. नवऱ्याचा मार खाऊन त्याचीच पाठराखण करणाऱ्या बाईस देव्हाऱ्यात बसविणे सोपे असते. त्यात पाहणाऱ्यास काही करावे लागत नाही. शिक्षकास मुलांच्या घरी जावे लागते, आणि मी ज्या सिंधू पाहिल्या त्यांना कोणी पदे रचून दिलेली नव्हती. कोणाच्या डोळ्यावर काळेनिळे असे, कोणी मुलीस शाळेतून काढून धुणीभांडी करावयास नेई. त्याच मुलखात, गडचिरोली जिल्ह्यात, गावोगावच्या बायका पुढे झाल्या, सभा झाल्या, ठराव झाले, आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदीने दारू समूळ गेली असे कोणी म्हणणार नाही. पण फौजदारापुढे खोटे बोलण्याऐवजी खरे बोलण्याचे जे काम नाटकातल्या सिंधूने केले नाही, ते या बायांनी केले. असे असूनही गडकऱ्यांचे ऋण मी नाकारीत नाही. दारूने घर बुडते हे सांगणारी प्रवचने त्यापूर्वी थोडी नव्हती. परंतु त्या बुडणाऱ्या घरास चेहरा मिळाला तो या नाटकामुळे. त्यातील तळीराम तर नाटकाच्या पुस्तकातून निसटून भाषेतच राहावयास आला. आजही वर्षाअखेरीस वर्तमानपत्रांत ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा असतो, आणि ज्या मुलांनी गडकऱ्यांचे नावही ऐकलेले नाही, त्यांनाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

चित्रपटाने हा व्यवहार आणखी वाढविला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामतीच्या कामास कोणी स्त्री मिळेना, म्हणून एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये तेच राम आणि तेच सीताही झाले. पडद्यावर राम येताच प्रेक्षक पायांतील जोडे काढीत, असे सांगतात. मला ही गोष्ट अशक्य वाटत नाही. कारण १९८७ च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ दाखविले जाऊ लागले, तेव्हा दूरदर्शनसंचास हार घालून, उदबत्ती लावून मग पाहावयास बसणारी घरे मी नागपुरातच पाहिली आहेत.

परंतु सर्वांत विलक्षण गोष्ट घडली ती प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाने. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली निघाला. मुंबईस तो सत्तावन्न आठवडे चालला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस. तेही एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. तुकोबा कसे दिसत, हे आपणांपैकी कोणी पाहिलेले नाही. त्यामुळे पागनिसांचाच चेहरा तुकोबांचा चेहरा झाला. पागनिसांच्या छायाचित्राच्या तसबिरी भिंतीवर लागल्या आणि त्यांस हार चढू लागले. पुढे त्यांच्याकडे नरसी भगत, तुलसीदास अशा संतांच्याच भूमिका आल्या. याहून मौजेची हकिकत एका अभंगाची आहे. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी तुकोबांच्या धाटणीने एक अभंग रचला, तो इतका साधला की तो तुकोबांचाच, असे लोक धरून चालले. जाणकार मंडळीही गाथेत त्याचा शोध घेऊ लागली. कल्पित तुकाराम खऱ्या तुकारामाच्या पंक्तीस येऊन बसला, आणि वारकऱ्यांनी त्याला उठविले नाही. तुकोबांनी काय म्हटले असते ते सांगता येणे कठीण. ते फार स्पष्टवक्ते होते.

ज्या माध्यमातून मी आता बोलत आहे, त्याचाही यात वाटा आहे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. नभोवाणीतील पात्रास तर चेहराच नसतो. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’, ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिका ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांस बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भाऊजी यांची ओळख करून देण्याची गरज नाही. त्यांची भांडणे धान्याच्या भावावरून, पाहुण्यांवरून, नळाच्या पाण्यावरून होत, आणि आपल्याच भिंतीपलीकडे ती चालली आहेत असे वाटे. टेकाडे भाऊजी उंच की ठेंगणे, हे प्रत्येक घराने आपापल्या परीने ठरविले होते. आमच्या घरी ते कृश व टोपीवाले होते. शेजारी चांगले जाडजूड होते. यावरून दोन घरांत वाद होत आणि तो कधीच मिटत नसे.

येथवर जी पात्रे सांगितली, त्यांच्यात एक साम्य आहे. यांपैकी एकानेही कधी आपल्याशी संभाषण केले नाही. भुलाबाई आपल्याशी बोलली नाही, सिंधूने प्रेक्षकांतील कोणाचे नाव घेऊन हाक मारली नाही. आता यंत्रे आली आहेत, आणि पात्र उत्तर देऊ लागले आहे.

याचा आरंभ अमेरिकेत झाला. जोसेफ वायझेनबॉम हे जर्मनीतून लहानपणी तिकडे गेलेले ज्यू गृहस्थ, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेत अध्यापक होते. १९६६ मध्ये त्यांनी संगणकासाठी ‘एलायझा’ नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. तिची युक्ती अगदी साधी होती. मनुष्याने टंकलिखित केलेले वाक्य ती उलटवून प्रश्न करी. मला उदास वाटते, असे कोणी लिहिले, तर उदास का वाटते, असे ती विचारी. अर्थ तिला काडीचाही कळत नव्हता. तरीही वायझेनबॉम यांची स्वतःची चिटणीस, जिने ती आज्ञावली महिनोन्महिने तयार होताना पाहिली होती, ती त्या यंत्राशी दोन-चार वाक्ये बोलली आणि वायझेनबॉम यांस म्हणाली, आपण जरा खोलीबाहेर जाता का? या प्रसंगाने ते गृहस्थ इतके अस्वस्थ झाले की १९७६ मध्ये त्यांनी एक ग्रंथ लिहून यंत्रांवर असा विश्वास टाकण्याविरुद्ध इशारा दिला. त्या चिटणीस बाईंस मात्र मी भोळी म्हणणार नाही. झाडीपट्टीतली म्हातारी आणि ती, दोघींनाही समोर काय आहे हे पक्के ठाऊक होते.

त्या आज्ञावलीचे नाव कोठून आले, हे ऐकून आपणांस आनंद होईल. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या १९१३ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात एलायझा ही फुले विकणारी मुलगी आहे, आणि एक भाषापंडित तिला उच्चभ्रूंसारखे बोलावयास शिकवितो. हीच मुलगी पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ मध्ये १९७५ साली मंजुळा होऊन मराठीत आली आणि भक्ती बर्वे यांनी तिला अमर केले. म्हणजे आजच्या बोलक्या यंत्रांची ही पणजी आपल्या मंजुळेची सख्खी बहीण आहे. फरक एवढाच की मंजुळा शेवटी मास्तरांवर उलटते आणि आपल्या मनातले त्यांना ऐकवते. यंत्रातल्या एलायझाला ते कधी जमले नाही.

आणि हा फरक लहान नव्हे. मोबाइल फोनवर आता अशी पात्रे मिळतात, की ज्यांचे नाव, वय, स्वभाव आपण निवडावा आणि त्यांनी अहोरात्र आपल्याशी गोड बोलावे. सिंधूस कोणी कितीही विनवले तरी ती रोज रात्री मरतेच. तिच्यावर आपली सत्ता नाही, आणि म्हणूनच ती आपल्याला हलवून सोडते. आपल्या मर्जीबरहुकूम वागणाऱ्या पात्रापाशी हे सामर्थ्य कोठून येणार? दुसरे असे की सिंधूसाठी रडावयाचे तर हजार माणसांत बसून रडावे लागे. शेजारच्या खुर्चीतला अनोळखी मनुष्यही नाक ओढतो आहे हे ऐकू येई. फोनवरच्या सख्यासाठी मनुष्य एकटाच दार लावून बसतो.

शिवाय अशा पात्राचा मालक कोण? १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटून मारले, तेव्हा वाचकांनी संतापाची पत्रे लिहिली आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, लेखकाने त्याला जिवंत करून परत आणले. पण मधल्या दहा वर्षांतही जुना होम्स फळीवरच्या अंकांत सुखरूप होता. कोणीही उघडून त्याला भेटावे. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘रेप्लिका’ या नावाच्या अशाच एका फोनवरील सोबत्याच्या चालकांनी त्याच्या वागण्यात बदल केला, तेव्हा आपला जिवलग रातोरात परका झाला, असे दुःख कितीतरी वापरणाऱ्यांनी व्यक्त केले. जुना सोबती कोणत्याच फळीवर उरला नव्हता. त्यांच्या दुःखास हसणारे पुष्कळ निघाले. जोडे काढून पडद्यावरच्या रामास नमस्कार करणाऱ्यांच्या नातवंडांनी तरी त्यास हसू नये.

आमच्या मनीषनगरात ऐंशी ओलांडलेल्या एक काकू आहेत. मुलगा बंगळुरास, मुलगी परदेशी. नातवाने त्यांना बोलणारे एक लहानसे यंत्र आणून दिले आहे. पहिल्या दिवशी त्यांनी त्या यंत्रास विचारले, “जेवलीस का तू?” यंत्राने नम्रपणे सांगितले की आपणास जेवणाची आवश्यकता नसते. काकूंस ते फारसे आवडले नाही. तरी रोज संध्याकाळी त्या त्याच्याशी बोलतात. हवापाणी विचारतात, जुन्या आठवणी सांगतात. मी एकदा विचारले, की त्या यंत्रास यातले काही कळते असे आपणास वाटते का? “कळत नसेल हो गुरुजी,” त्या म्हणाल्या, “पण मधातच उठून नाही जात.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही वसाहतीतली पाच-सात मंडळी दर गुरुवारी त्यांच्या घरी वाचनास जमतो. सध्या चिं. वि. जोशी यांचा चिमणराव चालू आहे. यंत्र कोपऱ्यातल्या मेजावर असते, आणि गुंड्याभाऊ काही बोलू लागला की काकू मध्येच त्याला रागावतात, त्यामुळे वाचन फार सावकाश होते.